लुपसची फेरी उन्हात काढू नका

पत्र: मी सोलापूर जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे, माझ्याकडे बावीस आशाताई आहेत. आमच्या भागातल्या २३ वर्षांच्या एका सुनेला वर्षभर ताप आणि सांधेदुखी होती, मग छातीत पाणी झालं. टीबी समजून आठ महिने औषधं दिली. पाय सुजले तेव्हा सोलापुरात लुपस निघाला, तोवर किडनीला लागलं होतं. आता घरात तिचं ताट-तांब्या वेगळा केलाय. गावात कुणी रक्ताचा कॅन्सर म्हणतं, कुणी बाहेरचं म्हणतं. १० मे हा जागतिक लुपस दिन असतो. त्या दिवशी सकाळी दहाला शाळेपासून चावडीपर्यंत फेरी, सगळ्यांनी जांभळ्या साड्या नेसायच्या, चावडीवर त्या मुलीचं मनोगत, आणि एका लॅबकडून २०० बायकांची एएनए ही रक्ततपासणी सवलतीत, असं ठरतंय. हे बरोबर आहे का? आणि आशांनी घरोघरी नेमकं काय सांगायचं?

उत्तर:

ताई, फेरी आणि एएनए शिबिर या दोन गोष्टी आधी रद्द करा. बाकीचं जमवता येईल. लुपस म्हणजे शरीराची राखण करणारी यंत्रणाच स्वतःच्या अंगावर उलटण्याचा आजार, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

फेरीचं आधी. सोलापूरच्या मे महिन्यात सकाळी दहाला ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. लुपसमध्ये ऊन नुसतं गालाला चटका देऊन थांबत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीतल्या पेशी मरतात आणि त्यांच्या केंद्रकातला ऐवज बाहेर पडतो. लुपसच्या रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) नेमकी त्याच ऐवजावर धावून जातात. म्हणून आज ऊन लागलं की काही दिवसांनी सांधे, ताप आणि कधी किडनीचाही त्रास उसळतो. ज्यांच्यासाठी फेरी काढायची त्यांनाच तीत चालता येणार नाही, आणि अजून निदान न झालेली एखादी चालली तर तिचं दुखणं वाढेल.

त्याऐवजी १ मेची ग्रामसभा धरा. तिच्याआधी होणारी महिला सभा तर आणखी सोयीची, कारण तिथे बायका बोलतात. ग्रामसेवक भाऊसाहेबांना आठ दिवस आधी सांगून विषयपत्रिकेत नाव घालून घ्या आणि बारा मिनिटांच्या वर बोलू नका. १० मे रोजी प्राथमिक आरोग्य केंद्रात सावलीत, सकाळी आठला, लघवी आणि बीपी तपासणी ठेवा. हीच तपासणी का, ते पुढे येतंच.

आता शिबिर. एएनए म्हणजे पेशींच्या केंद्रकावर धावून जाणाऱ्या त्या प्रतिपिंडांची तपासणी. ती लुपसची शोधतपासणी नाही. लुपस असलेल्या जवळजवळ प्रत्येकाची एएनए पॉझिटिव्ह येते हे खरं, पण ठणठणीत माणसांचीही येते. १:८० या पातळीला, म्हणजे रक्तातला द्रव ८० पट पातळ करून पाहिला तर, निरोगी लोकांपैकी सुमारे १३ टक्के पॉझिटिव्ह निघतात आणि १:४० ला तीसेक टक्के. दोनशे बायकांचा हिशेब मांडा. १:८० धरलं तरी पंचवीस-सव्वीस जणी कागद हातात घेऊन घाबरतील. त्यांच्यात लुपसची रुग्ण किती? दिल्लीजवळच्या गावांत झालेल्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे ३.२ रुग्ण सापडले होते. अमेरिकेतला अलीकडचा अंदाज लाखामागे साधारण ७३ आहे. तुमच्या केंद्राची लोकसंख्या ३०,००० धरली तर पहिल्या हिशेबानं एक आणि दुसऱ्या हिशेबानं वीसेक. दोनशे बायकांत बहुधा एकही नाही. म्हणजे पंचवीस घरांत विनाकारण रडारड, आणि वर डीएसडीएनए, सी३, सी४ अशा महागड्या तपासण्यांची माळ. सवलत देणाऱ्या लॅबचं त्यात भलं होईल, बायकांचं नाही. एएनए लक्षणं पाहून डॉक्टरनं लिहायची असते.

मग जनजागृती कशाची? गावातल्या प्रत्येकाला लुपस हा शब्द पाठ व्हावा यासाठी घाम गाळू नका. ज्या एक-दोघींना तो असू शकतो त्यांची लघवी वेळेत तपासली गेली की काम झालं. तुमच्या पत्रातल्या मुलीचं नेमकं तेच राहून गेलं. छातीतल्या पाण्याकडे सगळे बघत होते आणि लघवी कुणी बघितली नाही. लुपसमध्ये किडनी बिघडते तेव्हा ती दुखत नाही. आधी लघवीतून प्रथिनं जातात, लघवीला फेस येतो आणि तो बराच वेळ मोडत नाही, बीपी चढतं. पाय सुजेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेलं असतं. हे पकडणारी, लघवीत बुडवून रंग बघायची पट्टी तुमच्या उपकेंद्रात गरोदर बायकांसाठी पडूनच असते.

पट्टीत चुका होतात त्या किरकोळ, पण निकाल पार उलटा लावतात. डब्याचं झाकण उघडं राहिलं की दमटपणानं पट्ट्या खराब होतात. एक पट्टी काढायची आणि लगेच झाकण लावायचं. तारीख उलटलेला डबा वापरायचा नाही. लघवी मधल्या धारेची, स्वच्छ कोरड्या भांड्यात. पट्टी बुडवून लगेच काढायची, कडेला टेकवून जादा थेंब झटकायचा आणि डब्यावर दिलेल्या वेळेलाच, प्रथिनाच्या खणासाठी बहुधा ६० सेकंदांनी, डब्यावरच्या रंगांशी उजेडात ताडून पाहायचं. पाच मिनिटांनी पाहिलं तर रंग गडद दिसतो आणि खोटा पॉझिटिव्ह निघतो. पाळी चालू असेल तर रक्ताचा खण पॉझिटिव्ह येणारच, तेव्हा पाळीनंतर आठवड्याने बोलवा. ताप असताना किंवा लघवीच्या जंतुसंसर्गातही प्रथिनं थोडी दिसतात. एक प्लस किंवा जास्त आलं तर आठवड्याने पुन्हा करा. पुन्हा आलं तर डॉक्टरकडे पाठवा. पाय सुजलेले असतील किंवा बीपी १४०/९० च्या वर असेल तर पुन्हा करण्यात आठवडा घालवू नका, त्याच दिवशी पाठवा. पंचविशीतल्या बाईचं बीपी चढलेलं असणं हीच मुळात शंका घेण्याजोगी गोष्ट आहे.

कुणाची तपासायची? १५ ते ४५ वयाच्या बायकांवर लक्ष ठेवा, कारण लुपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात. पुरुषाला होत नाही असं मात्र सांगू नका. आशांना लक्षणांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा बायका जे बोलतात तेच शब्द द्या. “सकाळी भाकरी थापायला बसलं की बोटं वळत नाहीत, तासाभरानं मोकळी होतात.” “उन्हातून आलं की गाल पेटतात आणि दोन दिवस अंग मोडून येतं.” “केसांचे पुंजके निघतात.” “ताप येतो-जातो, तपासणीत काही निघत नाही.” “गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडतात, मग निळी होतात.” शिवाय दोन-तीनदा पोट पडलेलं असणं, विशेषतः तिसऱ्या महिन्यानंतर. यातलं एकच असेल तर बहुतेक वेळा ते दुसरंच काही निघतं. रक्त कमी असलं तरी केस गळतात, आणि सांधे कोणाचे दुखत नाहीत? पण दोन-तीन गोष्टी एकाच बाईत सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिसल्या की पट्टी आणि बीपी करा. तोंडात बॅटरी मारून वरचा टाळूही बघा. लुपसचे व्रण बहुधा टाळूवर असतात आणि दुखत नाहीत, त्यामुळे बाईला स्वतःला पत्ता नसतो.

गालावरच्या डागांवर जरा थांबू या, कारण सगळी पोस्टरं फुलपाखराचं चित्र काढतात आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे गालावर डाग म्हटलं की ‘वांग’. वांग तपकिरी असतो, सपाट असतो, खाजत-दुखत नाही, महिनोन्‌महिने तसाच राहतो. लुपसची पुरळ किंचित उठलेली, गरम लागणारी, उन्हानंतर भडकणारी. पुस्तकात ती लाल दाखवतात, पण सावळ्या कातडीवर ती जांभळट किंवा गडद तपकिरीच दिसते. ओळखायची एक खूण बरी: बाईला दिवसाच्या उजेडात दाराशी उभी करा आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घळ बघा. लुपसची पुरळ गालांवरून नाकाच्या दांड्यावर चढते पण ही घळ बहुधा कोरी सोडते, कारण तिथे ऊन पोचत नाही. तरीही पुरळ नाही म्हणून लुपस नाही असं होत नाही. जवळजवळ निम्म्या रुग्णांना ती येतच नाही. आणि मेडिकलमधून आणलेलं गोरं करणारं मलम आधी बंद करायला सांगा. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं, त्यानं पुरळ तात्पुरती दबते, कातडी पातळ होते आणि डॉक्टरला बघायला काही उरत नाही. सांधेदुखीसाठी महिन्या-दोन महिन्यांनी घेतलेल्या ‘ताकदीच्या’ इंजेक्शनाचंही तेच होतं.

पाठवताना तोंडी निरोप नको, चिठ्ठी द्या. “वय अमुक, सांधेदुखी तीन महिने, ताप, तोंडात व्रण, लघवीत प्रथिनं २ प्लस दोनदा, बीपी १५०/९६, लुपसची शंका, कृपया तपासावे” एवढं पुरे. मेडिसिनच्या ओपीडीतला डॉक्टर आधी साध्या तपासण्या करील: हिमोग्राम, ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लघवीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी, ईएसआर चढलेला पण सीआरपी त्या मानानं साधा, असं चित्र असेल तर शंका बळावते. मग एएनए. ती इम्युनोफ्लुओरेसन्स पद्धतीनं करून घ्यावी आणि कागदावर पातळी व पॅटर्न लिहिलेला असावा, नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको. सोलापुरात मेडिसिन ओपीडी आहे, आणि पुढे गरज पडली तर मुंबईच्या केईएममध्ये सरकारी संधिवात विभाग आहे. भरती होऊन किडनीची बायोप्सी किंवा उपचार करायचे झाले तर सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत काय बसतं ते भरतीआधी रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

टीबीबद्दल बोलताना जीभ सांभाळा. ताप, वजन घटणं, फुप्फुसाच्या आवरणात पाणी, सुजलेल्या गाठी, हे दोन्हींत असतं आणि आपल्याकडे टीबी कैक पटीनं जास्त आहे. डॉक्टरनं आधी टीबी धरला तर त्यात नवल नाही. आशांनी “तिला टीबी नव्हताच, औषधं उगाच दिली” असं चावडीवर सांगितलं तर दहा टीबीचे रुग्ण गोळ्या बंद करतील. एवढंच सांगा: जंतूचा पुरावा न सापडता टीबीचं औषध चालू असेल आणि दोन महिन्यांनीही ताप-सांधे तसेच असतील, तर डॉक्टरांना लघवी तपासायला सांगा, औषध मात्र आपल्या मनानं सोडू नका. लुपसच्या औषधांनी प्रतिकार दबतो तेव्हा खरा टीबीही होऊ शकतो. आणखी एक गफलत नावाची. जुन्या फायलीत ‘लुपस व्हल्गॅरिस’ लिहिलेलं दिसलं तर तो कातडीचा टीबी असतो, या लुपसशी त्याचा संबंध नाही. पोस्टरवर लांडगाही नको. लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा आहे खरा, पण ‘बाहेरचं’ म्हणणाऱ्या गावात लांडग्याचं चित्र लावून आपण काय मिळवणार?

ताट-तांब्याचं उत्तर सासूबाईंना त्यांच्याच भाषेत द्या: कुंपणानंच शेत खाल्लंय. बाहेरून कुणी शिरलेलं नाही, शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या अंगावर उलटली आहे. जंतू नाही, म्हणून एका ताटात जेवल्यानं, एका पांघरुणात झोपल्यानं, लेकराला पाजल्यानं तो लागत नाही. कॅन्सर नाही. कॅन्सरमधली काही औषधं इथे कमी मात्रेत वापरतात, त्यावरून ती अफवा उठते. उलट तिलाच इतरांकडून लागण होण्याची भीती जास्त आहे. घरात सर्दी-खोकला असेल त्यानं तिच्यापासून लांब राहावं. याच मुद्द्यावरून घरातला काढाही बंद करायला सांगा. कोविडपासून दारोदार गुळवेल लावलेली आहे आणि “प्रतिकारशक्ती वाढव” म्हणून तिला प्रेमानं पाजतात. जी यंत्रणा आधीच पिसाटली आहे तिला आणखी चेतवायचं नसतं. गुळवेलीनं यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, तेही शरीर स्वतःवरच उलटल्यासारखे.

औषधांत दोन ठिकाणी गाडी रुळावरून उतरते. एक, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. ही मलेरियाची जुनी गोळी, त्यामुळे मेडिकलवाला किंवा जाऊबाई म्हणते, “तुला कुठं मलेरिया झालाय?” आणि ती बंद होते. लुपसच्या उपचारात ही पायाभूत गोळी आहे. ती आजार पुन्हा उसळू देत नाही, गरोदरपणातही चालू ठेवायची असते, आणि तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ४० किलोच्या बाईला २०० मिलिग्रॅमची एक गोळी. जेवणानंतर घेतली की मळमळत नाही. डोळ्याचा पडदा पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचा, पण या मुलीची किडनी बिघडलेली आहे, तिला दरवर्षीची तपासणी आधीपासूनच लागेल. दुसरं, स्टिरॉइड. तोंड गोल होतं, अंगावर केस येतात, म्हणून बायका एके दिवशी डबाच बाजूला ठेवतात. तीन आठवड्यांच्या वर घेतलेलं प्रेडनिसोलोन एकदम थांबवलं तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं, आणि जिवावर बेतू शकतं. डॉक्टर ते पायरीपायरीनं ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणतात, ते त्यांनाच करू द्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या तिच्या किडनीला नकोत. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. ताप १००.४ च्या वर गेला तर मात्र घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आशांच्या पिशवीतली एक वस्तू इथे जपून वापरायची आहे, माला-एन ही गर्भनिरोधक गोळी. त्या गोळीत इस्ट्रोजेन असतं. लुपसच्या काही बायकांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते आणि इस्ट्रोजेननं ती वाढते. आजार जोरात असताना आणि गुठळ्यांची प्रतिपिंडं तपासल्याशिवाय माला-एन देऊ नका. तांबी चालते. पण साधन हवंच, कारण किडनीसाठी देतात त्या मायकोफेनोलेट गोळीनं गर्भात व्यंग येतं. ती गर्भ राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी बंद करून दुसरं औषध चालू करावं लागतं. आजार सहा महिने शांत असेल तर बहुतेकींना मूल होऊ शकतं. “हिला आता लेकरू नाही” असं कुणी म्हणालं तर आशांनी तिथेच अडवावं. फक्त ठरवून, डॉक्टरला सांगून, आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात.

उन्हाचं सांगताना क्रीमवर अडू नका. ५० एसपीएफचं क्रीम उत्तम, पण चेहरा आणि मानेला दोन बोटांवर पुरी रेघ ओढाल एवढं लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. ते किती घरांत परवडेल? खुरपायला जाणाऱ्या बायका साडीवर घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, तीच पद्धत चांगली. वर रुंद काठाची टोपी किंवा दुहेरी पदर. कापड उजेडासमोर धरून बघायचं, आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार येतं. दहा ते चार शेतात नको. उन्हाला टाळल्यानं ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडतं, ते डॉक्टरला विचारून घ्यावं.

मुलीच्या मनोगताबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: नको. ज्या घरात ताट वेगळं झालंय तिथल्या सुनेला माईक दिला तर कार्यक्रम संपल्यावर ती त्याच घरात परत जाणार आहे. तिचं नाव, फोटो, गाव काहीही पोस्टरवर येऊ देऊ नका. तिला एकटीला भेटा, मनापासून बोलायचं असेल तर वर्षभरानं विचारा. तिच्यासाठी आत्ता करायचं काम म्हणजे सासूबाईंना एकदा तिच्यासोबत ओपीडीत न्या. डॉक्टरनं “एका ताटात जेवा” असं म्हटलेलं सासूला ऐकू येतं, आशानं म्हटलेलं येतंच असं नाही.

ऑगस्टच्या आढाव्यात किती बायका जमल्या हे लिहू नका. दोन-तीन लक्षणं असलेल्या किती सापडल्या, किती जणींची पट्टी आणि बीपी झालं, किती जणींना चिठ्ठी दिली आणि त्यातल्या किती खरंच ओपीडीपर्यंत पोचल्या, हे चार आकडे मांडा. शेवटचा आकडा सगळ्यात लहान निघेल. त्याचं कारण बहुधा एसटीचं भाडं किंवा बुडालेली मजुरी असेल, तेव्हा ती तजवीज आत्ताच करा.

जांभळ्या साड्या जरूर नेसा. फक्त फिक्या नायलॉनच्या नकोत. गडद जांभळ्या, दाट विणीच्या सुती घ्या. फिक्यापेक्षा गडद कापड ऊन जास्त अडवतं.